मुद्रित इलेक्ट्रॉनिकी

प्लॅस्टिक, कागद, कापड अशा पातळ व लवचिक पृष्ठावर विद्युत्‌वाहक, अर्धवाहक किंवा निरोधक शाई छापून मंडले आणि संवेदक बनवण्याचे तंत्र. सिलिकॉन चिप बनवताना थर चढवून नको तो भाग कोरून काढतात. येथे द्रव्य हवे तेथेच पडते. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडची जाळीची चौकट आणि रबरी स्क्वीजी हीच येथलीही नेहमीची अवजारे. शाईत मात्र रंगाऐवजी चांदीचे किंवा कार्बनचे कण असतात. साधे पॉलिएस्टर सुमारे १५० अंश सेल्सिअसपुढे आकसू लागते, म्हणून शाई त्याखालीच पक्की व्हावी लागते. पॉलिइमाइड जास्त उष्णता सोसते, पण महाग पडते.

या क्षेत्राचे नाव निघाले की घडीच्या पडद्यांचे कौतुक होते. बाजारातले त्याचे सर्वांत ठळक यश मात्र मधुमेहींच्या घरात आहे : रक्तातील साखर मोजायची पट्टी. १९६२ मध्ये लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी एंझाइमयुक्त विद्युत्-अग्राची कल्पना मांडली. क्रॅनफील्ड व ऑक्सफर्ड येथील संशोधनावर आधारलेला, पेनाच्या आकाराचा एक्झॅकटेक मापक मेडिसेन्स कंपनीने १९८७ मध्ये आणला. छापलेल्या कार्बन-अग्रावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम असते. ते ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेते, फेरोसीनचे संयुग मध्यस्थ होऊन ते अग्रापर्यंत पोचवते आणि प्रवाहावरून साखर कळते. मध्यस्थाविना हे मापन रक्तातील कमीजास्त होणाऱ्या ऑक्सिजनवर विसंबले असते. घरच्या घरी तपासणी शक्य झाली यात या मध्यस्थाचा वाटा फार मोठा. एंझाइमाला दमट हवा सोसत नाही, म्हणून पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावायचे असते.

मोटारीच्या आसनाखालची, दाबाने विद्युत्-रोध बदलणारी छापील चकती कोणी बसले आहे की नाही हे ओळखते. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या सपाट बटणांमागेही बहुधा चांदीच्या शाईच्या रेषा असतात.

छापील ट्रान्झिस्टर स्फटिकी सिलिकॉनच्या वेगाजवळ पोचत नाहीत. वारंवार वाकवल्यास रेषांना तडे जातात, चांदी महाग आहे आणि स्वस्त तांब्याचे बारीक कण हवेत चटकन ऑक्सिडीकृत होतात. त्यामुळे बहुतेक उत्पादनांत तारा व संवेदक छापून, गणनेसाठी वर छोटी सिलिकॉन चिप चिकटवतात. भारतात आयआयटी कानपूर येथील राष्ट्रीय लवचिक इलेक्ट्रॉनिकी केंद्र या विषयावर काम करते.