धोंडू, केरू आणि नकुसा

यंदाच्या श्रावणात माझ्या घरी पणती आली. दिवाळीला अजून दोन-अडीच महिने अवकाश होता. पण आमची पणती आधीच लागली, असे मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो, आणि माझा हा विनोद ऐकून ऐकून घरची मंडळी कंटाळली होती. मूल घरात आले की नावाचा खल सुरू व्हावयाचाच. नातीचे म्हणणे असे की, नाव असे हवे की जे गावात दुसऱ्या कोणाचे नसेल. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा असली नावे माझ्या पोतडीत असणार, या समजुतीने ती वही-पेन्सिल घेऊन माझ्यापुढे येऊन बसली.

पोतडी मी उघडली. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाच्या लेकीचे नाव कोरलेले आहे, दक्षमित्रा. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका आहे. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी तर चार मुलांच्या नावांचा एक जिनाच बांधला : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. संसारातून निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे पायरी, आणि शेवटी मुक्ती. नात हे सारे भराभर लिहून घेत होती. मग मी म्हणालो, "याहून दुर्मिळ हवी असतील तर लिही : दगडू, धोंडू, केरू, भिकू, उकिरडा." पेन्सिल थांबली. "पणजोबा थट्टा करतात हं," असे ती पाळण्यातल्या बाळाला सांगू लागली.

मी थट्टा करीत नव्हतो. कारण या यादीतले दुसरे नाव माझेच आहे.

शाळेच्या दाखल्यावर माझे नाव भारदस्त आहे. पण घरात आणि आळीत मी धोंडूच. माझ्याआधी आईची दोन मुले पाळण्यातच गेली होती. पूर्वी असे झाले म्हणजे पुढच्या मुलासाठी लोक काय काय करीत, ते आजच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. मूल सुपात घालून उकिरड्यावर ठेवावयाचे आणि केरातून उचलून आणल्यासारखे घरात आणावयाचे. तो केरू झाला. शेजारणीला मूठभर धान्यावर विकून पुन्हा तिच्याकडून भीक म्हणून मागून घ्यावयाचे. तो भिकू झाला. मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालावयाची; तो नथू. आणि ज्याला नुसताच धोंडा म्हणावयाचे, तो दगडू किंवा धोंडू. युक्ती साधी होती. दृष्ट लागते ती चांगल्या वस्तूला, आणि मृत्यूचीही नजर मोलाच्या चिजेवर असते. तेव्हा त्याला भासवावयाचे की, बाबा रे, या घरात नेण्यासारखे काही नाही. इथे एक धोंडा पडला आहे तेवढा.

त्या काळी देवीची साथ येई, पटकी येई, घटसर्प येई. हाताशी औषध नव्हते. ज्या आईजवळ औषध नव्हते तिच्याजवळ एक शब्द होता, आणि तो तिने ढालीसारखा मुलापुढे धरला. आज लशीचे वेळापत्रक दवाखान्याच्या कार्डावर छापून मिळते, म्हणून धोंडू-दगडू पाळण्यातून नाहीसे झाले. ते गेले याचा आनंदच मानला पाहिजे. पण नावांना हसताना त्यामागची ती थरथर विसरू नये, एवढेच.

शिवाय या दगडा-धोंड्यांनी महाराष्ट्राचे काही नुकसान केले असे नाही. विनायक लक्ष्मण छत्रे या नावाने हाक मारली तर फार थोड्यांच्या ध्यानात येईल. पण केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, म्हटले की, 1860 साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिणारा ज्योतिर्गणिती आणि डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकविणारा गुरू डोळ्यांपुढे उभा राहतो. केरू या नावाच्या माणसाने आकाशातल्या ग्रहांचा हिशेब मांडला! धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली विधवेशी पुनर्विवाह केला, 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला, 1916 साली महिला विद्यापीठ स्थापले, आणि 1958 साली वयाच्या शंभराव्या वर्षी ते भारतरत्न झाले. दया पवारांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. 1978 साली आलेल्या 'बलुतं'मध्ये त्यांनी आपला जुना दगडूच पुढे बसविला आणि त्याच्याकडून सारी हकीकत वदविली. आणि पुण्याच्या ज्या गणपतीपुढे माणूस मुंगीच्या पावलाने सरकतो, त्याच्या नावाआधी कोणाचे नाव लागते? दगडूशेठचे.

मुलींच्या नावांचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. गृह्यसूत्रांनी सांगितले की, मुलाच्या नावात अक्षरे सम असावीत आणि मुलीच्या विषम. मनुस्मृतीने सांगितले की, मुलीचे नाव उच्चारावयास सोपे आणि मंगल असावे. आणि पुढे विवाहाच्या प्रकरणात असेही बजावले की, नक्षत्राचे, झाडाचे किंवा नदीचे नाव असलेली मुलगी करू नये. आमच्या आज्यांनी हे काही ऐकले नाही. घरोघर गोदावरी, कृष्णा, यमुना, तुळसा आणि रेवती नांदल्या. पण ती नावे सासरच्या उंबरठ्यापर्यंतच टिकत. यमुनेची आनंदी झाली, आणि पुढे 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाली ती आनंदीबाई जोशी म्हणून. आणखी एका यमुनेची रमा झाली. त्या रमाबाई रानडे. कर्व्यांच्या पत्नी माहेरच्या गोदूबाई. त्याही आनंदीबाई झाल्या. तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले की जुनी मुलगी संपली.

या रिवाजाविषयी मी वर्गात पुष्कळ टीका केली आहे. फक्त एका नावाशी आलो की माझी जीभ अडखळे. ती माझी आत्या.

तिच्या पाठीवर तरी मुलगा होईल म्हणून वाट पाहिली जात होती आणि झाली चौथी मुलगी. तिचे नाव ठेवले नकुसा. आळीत ती नकू. लग्नात सासरच्यांनी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. नाव बदलण्याच्या रिवाजाने एखाद्या बाईवर उपकार केला असेल तर तो तिच्यावर. पण माहेरी आली की ती पुन्हा नकूच.

वरवर पाहता नकुसा आणि धोंडू ही एकाच पंगतीतली नावे. दोन्हींत मूल नको असल्याचे म्हटले आहे. मीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. पण धोंडू म्हणणारी आई खोटे बोलत असते. तिला मूल जिवापाड हवे असते, आणि मृत्यूला फसविण्यासाठी ती नको म्हणते. नकुसा म्हणणारे घर खरे बोलत असते. मला फेकून दिल्याचे सोंग केले ते जपून ठेवण्यासाठी. आत्याच्या बाबतीत सोंग नव्हते. म्हणून औषधे आली तेव्हा धोंडू संपला. नकुसा संपली नाही. 22 ऑक्टोबर 2011 या दिवशी साताऱ्यात जिल्ह्यातल्या 285 नकुशांना समारंभाने नवी नावे देण्यात आली. कोणी सिनेमातल्या नटीचे नाव घेतले, कोणी देवीचे. ती बातमी मी दोनदा वाचली. दोनशे पंच्याऐंशी! एका जिल्ह्यात, एकविसाव्या शतकात.

आता आत्याची आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. आपल्याकडे बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. घुगऱ्या शिजतात, बायका पाळण्याखालून-वरून बाळ देतात-घेतात, आणि आत्या बाळाच्या कानाशी वाकून 'कुर्रर्र' करून नाव सांगते. त्या क्षणी बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. मोठ्या तिघी आत्या लांब दिल्या होत्या. जवळ होती ती नकूच. तेव्हा आमच्या घरातल्या अकरा मुलांच्या कानात पहिला शब्द बोलली ती नकुसा. जिला कोणी धड नाव दिले नाही, तिने अकरांना दिले. माझे धोंडू तिनेच ठेवले. मोठेपणी मी एकदा तिच्यावर रागावलो होतो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, मोठ्यानं धोंडू म्हटलं. आधी कानात म्हटलं ते कोणाला ऐकू येऊ दिलं नाही." काय म्हटलेस, असे मी विचारले. ती हसली आणि म्हणाली, "ऱ्हायलास ना? मग झालं."

बारशाच्या आदल्या रात्री पणतीसाठी मी घराण्याची वंशावळ एका मोठ्या कागदावर लिहावयास घेतली. जुन्या वंशावळीत लेकींना जागाच नव्हती. या कागदावर ती ठेवली. पुतण्या जवळ बसला होता. आत्याच्या नावाशी आलो तसा तो हळूच म्हणाला, "काका, इथे लक्ष्मी लिहा. पोरीच्या दृष्टीस ते दुसरे नाव कशाला?" त्याचे म्हणणे प्रेमाचे होते. मीही दौतीत टाक बुडवून बराच वेळ बसून राहिलो. लक्ष्मी लिहिले असते तर कागद सुंदर दिसला असता; पण आमच्या घराने काय केले होते ते त्यातून पुसले गेले असते.

दुसऱ्या दिवशी बाळाचे नाव गोदावरी ठेवले. नातीने आपणहून निवडले. घरात सारे गोदा म्हणतात. वर्गात दुसरी गोदा नसेल, म्हणून नातही समाधानी आहे. वंशावळीचा कागद चौकट करून पाळण्यासमोरच्या भिंतीवर लावला आहे. त्यात माझ्या भारदस्त नावाखाली 'धोंडू' आहे. आणि एका जागी लिहिले आहे : 'नकुसा. सासरचे नाव लक्ष्मी. हिने या घरातल्या अकरा मुलांची नावे ठेवली.'