दिनविशेष : १४ मार्च
'बफी'चा आठवा हंगाम कागदावर अवतरला

२००७ : 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' या अमेरिकी मालिकेची पुढची कथा सांगणाऱ्या 'सीझन एट' या कॉमिकचा पहिला अंक डार्क हॉर्स कॉमिक्सने प्रकाशित केला. पिशाच्चांशी लढणाऱ्या मुलीची ही मालिका १० मार्च १९९७ रोजी सुरू झाली आणि सात हंगामांत १४४ भाग दाखवून २० मे २००३ रोजी थांबली. अखेरच्या भागात बफीची मैत्रीण विलो हिच्या मंत्राने बफीसारखी शक्ती जगभरच्या असंख्य मुलींमध्ये जागी झाली आणि बफीचे सनीडेल हे गाव जमिनीत गडप झाले. कॉमिकमध्ये बफी स्कॉटलंडमधल्या किल्ल्यातून या मुलींच्या फौजेचे नेतृत्व करताना दिसते.

मालिकेचे निर्माते जॉस व्हीडन यांनीच पहिली कथा लिहिली. चित्रे जॉर्जेस जँटी यांची, तर मुखपृष्ठ जो चेन यांचे होते. मालिकेच्या मूळ लेखकांपैकी काहींनीही पुढे अंक लिहिले. छोट्या पडद्यावरची खर्चाची मर्यादा कागदावर उरली नाही. त्यामुळे बफीची बहीण डॉन महाकाय झालेली दाखवणेही सहज शक्य झाले. २००८ मध्ये या कॉमिकला सर्वोत्तम नव्या मालिकेचा आयस्नर पुरस्कार मिळाला. जानेवारी २०११ मध्ये ४० व्या अंकाने हा हंगाम संपला, पण कथा बाराव्या हंगामापर्यंत, २०१८ पर्यंत चालत राहिली. बंद पडलेल्या मालिकेची अधिकृत कथा मूळ कर्त्याच्याच हातून इतकी वर्षे पुढे नेण्याचे हे ठळक उदाहरण ठरले.