आचाऱ्याचा मुलगा आणि शहा

इराणातल्या फराहान भागात कायम-मकाम या वजीर घराण्याचा वाडा होता. तिथल्या मुदपाकखान्यात करबलाई कुर्बान नावाचा आचारी. त्याचा मुलगा तकी वाड्यातल्या मुलांचं जेवण त्यांच्या शिकवणीच्या खोलीत पोचवायचा आणि रिकामी भांडी न्यायची म्हणून दाराबाहेर थांबायचा. एके दिवशी खुद्द कायम-मकाम मुलांची परीक्षा घ्यायला बसले. मुलांना काही येईना. दाराबाहेरच्या तकीला मात्र सगळं आलं. बक्षीस म्हणून नाणी पुढे केली, तर पोरानं हात मागे घेतला. म्हणाला, पैसे नकोत, मला शिकवायला सांगा.

ही गोष्ट मी पुण्याच्या लष्कर भागातल्या एका इराण्याच्या हॉटेलात ऐकली. वडील आणि गल्ल्यावरचे म्हातारे शेठ यांची दोस्ती होती. शेठ यज्दजवळच्या खेड्यातून लहानपणीच इकडे आलेले. गोष्टी त्यांच्या आजोबांच्या, भाषा हिंदी-मराठीची खिचडी. मस्का संपेपर्यंत गोष्ट चालायची आणि मी मस्का पुरवून पुरवून खायचो. "लिहून घे बेटा," ते म्हणायचे, "अमीर कबीर! ऐसा वजीर परत झाला नाही."

पुढे वाचायला लागल्यावर कळलं, की दाराबाहेरचा प्रसंग खरा-खोटा कुणी ठरवू शकत नाही, पण बाप आचारी होता हे पक्कं. मिर्झा तकी खानाचा, म्हणजे अमीर कबीरचा, जन्म १८०७ च्या सुमाराचा, गाव हझावे. कायम-मकामांच्या हाताखाली तो कारकुनी शिकला. तेहरानमध्ये जमावानं रशियन वकील ग्रिबोयेदोवला ठार केलं, तेव्हा माफी मागायला १८२९ मध्ये जे शिष्टमंडळ पीटर्सबर्गला गेलं त्यात तो होता. नंतर एर्झुरुमला ऑटोमन तुर्कांशी सरहद्दीची वाटाघाट त्यानं काही वर्षं नेटानं केली. १८४८ मध्ये सतरा वर्षांच्या नासिरुद्दीनला तब्रीझहून तेहरानला आणून गादीवर बसवलं ते त्यानंच. शहानं त्याला वजीर केलं आणि पुढच्याच वर्षी आपली सख्खी बहीण इज्जतुद्दौला त्याला दिली.

सत्ता हातात राहिली जेमतेम तीन वर्षं. खजिना रिकामा होता, म्हणून त्यानं शहजाद्यांचे, मुल्लांचे, दरबाऱ्यांचे तनखे कापले. माझ्या मते त्याचं मरण इथेच ठरलं. बाकी सगळं निमित्त. १८५१ मध्ये त्यानं 'वकाये-ए-इत्तेफाकिया' हे वर्तमानपत्र सुरू केलं. दारुल्फुनून ही नव्या विद्यांची शाळाही त्यानंच बांधायला घेतली आणि ऑस्ट्रियातून शिक्षक मागवले. देवीची लसही टोचायला लावली. यावरची शेठची गोष्ट अशी: लस टोचली की अंगात जिन शिरतो म्हणून लोक मुलं लपवीत. न टोचणाऱ्याला पाच तोमान दंड होता. एका गरिबाचं मूल देवीनं गेलं, दंड भरायला त्याच्याकडे दमडी नव्हती. अमीरनं तो स्वतःच्या खिशातून भरला आणि दरबारात बसून ढसाढसा रडला.

बाबी पंथाचं नाव मात्र शेठनी कधी काढलं नाही. त्या पंथाची बंडं अमीरनं निर्दयपणे मोडली, आणि पंथाचा संस्थापक बाब याला १८५० च्या जुलैमध्ये तब्रीझला गोळ्या घालण्यात आल्या त्या त्याच्याच हुकमानं. मुलाला सांगायच्या गोष्टीत हे कोण घालणार?

शेवटची गोष्ट सांगताना शेठ उठून उभे राहायचे. वजिरी गेली, अमीरला काशानच्या फिन बागेत ठेवलं. विषाच्या भीतीनं इज्जतुद्दौला प्रत्येक घास आधी स्वतः चाखायची. मग एक दिवस तो हमामात गेला, ती जवळ नव्हती, आणि फर्राशांचा मुख्य हाजिबुद्दौला फर्मान घेऊन आला. मरण कसं हवं ते निवडायची मुभा अमीरला मिळाली. त्यानं हाताच्या शिरा कापायला सांगितल्या. "और शहा?" शेठ स्वतःच विचारायचे. "शहा दारू प्यायलेला. माँने पिलाया! सकाळी शुद्ध आली, माणूस पाठवला, पण उशीर झाला."

आमच्या आजीचंही असंच. पेशव्याच्या खुनाच्या हुकमातला 'ध' चा 'मा' सांगताना तिचा सगळा राग आनंदीबाईंवर निघे; राघोबादादांना ती कानाचे हलके म्हणून सोडून देई. राजमाता मेहदे उल्या जावयाच्या वाईटावर होती आणि त्याची जागा हवी असलेला मिर्झा आका खान नूरी तिच्या बाजूचा होता, यात वाद नाही. पण शहा वीस वर्षांचा होता, दूधपिता नव्हता. नोव्हेंबर १८५१ मध्ये त्यानं वजिराला बडतर्फ केल्यावर रशियन वकील दोल्गोरुकीनं परस्पर अमीरच्या घराला आपले पहारेकरी दिले. परक्यांचा हा आगाऊपणा शहाला झोंबला आणि वाचवायला आलेल्या हातांनीच अमीर आणखी खाली गेला. फिनला जाऊन त्याला संपवण्याचं फर्मान शहाच्याच नावानं निघालं, त्याचा मजकूर आजही उपलब्ध आहे. १८५२ च्या जानेवारीत अमीर मेला. नासिरुद्दीननं त्यानंतर ४४ वर्षं राज्य केलं. इतक्या वर्षांत दारू केव्हाच उतरली असणार.

मात्र कागदही काही फार इमानी नव्हते. अमीरनं काढलेल्या वर्तमानपत्रात त्याच्या आजारपणाची बातमी आली, बहुतेक दरबारी बखरींनी तो दुखण्यानं गेल्याचं लिहिलं. खून झाला हे लोकांच्या तोंडी राहिलं, शेठच्या आजोबांसारख्यांच्या.

दारुल्फुनून उघडली ती १८५१ च्या डिसेंबरच्या अखेरीस, अमीर फिनमध्ये असताना. विधवा झालेल्या इज्जतुद्दौलाला नव्या वजिराच्या, म्हणजे नूरीच्या, मुलाशी लग्न करावं लागलं. तिची आणि अमीरची एक मुलगी पुढे नासिरुद्दीनच्याच वारसाला दिली. तिचा मुलगा मुहम्मद अली शहा. त्यानं १९०८ मध्ये कोसॅक ब्रिगेडच्या तोफा लावून इराणची मजलिस, म्हणजे संसद, उडवली. फर्मान घेऊन गेलेल्या हाजिबुद्दौलाचा मुलगा दारुल्फुनूनच्या पहिल्या विद्यार्थ्यांत होता. पुढे इतिमादुस्सल्तना हा किताब मिळवून त्यानं दरबाराचं छपाईखातं सांभाळलं आणि त्या राजवटीचा इतिहासही त्यानंच लिहिला.