मकरानचा गाळ

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्र अवेळी चढला. लाटांची उंची सुमारे २ मीटर होती. नांगरलेल्या होड्या दोर तोडून वाहून गेल्या आणि वर्सोव्यापासून हाजी अलीपर्यंतच्या किनाऱ्यावर पंधराच्या आसपास माणसे बुडाल्याच्या नोंदी आहेत. ज्या भूकंपाने हे पाणी उसळले तो त्याच पहाटे साडेतीनच्या सुमारास, येथून अकराशे किलोमीटरहून अधिक दूर, बलुचिस्तानातील मकरानच्या किनाऱ्याजवळ झाला होता. वर्गात १९४५ हे वर्ष महायुद्धाची अखेर म्हणून आम्ही अनेकदा उच्चारले आहे. ही सकाळ मात्र आमच्या कोणत्याही व्याख्यानात कधी आली नाही. या उणिवेची टोचणी हे प्रस्तुत लेखामागचे कारण.

मकरानसमोर अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली वर्षाला सुमारे २ ते ४ सेंटिमीटर या गतीने सरकत आहे. अशा ठिकाणी समुद्रतळावर खोल गर्ता असते, असे शालेय भूगोलात आपण वाचलेले असते. मकरानपुढे तशी गर्ता दिसत नाही, कारण ती गाळाने पुरती बुजलेली आहे. खाली जाणाऱ्या पट्टावर येथे काही ठिकाणी ७ किलोमीटर जाडीचा गाळ आहे. त्यातील जुन्या गाळाचा मोठा वाटा हिमालयाचा. उगवत्या पर्वताची झीज नद्यांनी समुद्रात आणून टाकली, आणि पट्टांच्या रेट्याने तोच गाळ दुमडून, उचलला जाऊन पुन्हा डोंगर झाला. या गाळाच्या पाचरीची निम्म्याहून अधिक रुंदी आज जमिनीवर आहे. इ.स.पूर्व ३२५ मध्ये अलेक्झांडरचे सैन्य ज्या उजाड प्रदेशात तहानेने हैराण झाले, तो प्रदेश मुळात समुद्रतळाचाच. झाडोरा नसल्यामुळे तेथील वली उघड्या डोळ्यांना दिसतात.

परंतु समुद्रतळाचा गाळ असा दुमडला जातो, हे भूशास्त्रज्ञांनाही सहजासहजी पटले नव्हते. १९६८ मध्ये, म्हणजे भूपट्टांचा सिद्धान्त आकार घेत असतानाच, डेव्हिड शोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरू-चिलीच्या गर्तेतील गाळाचे थर तपासले. ते जवळजवळ आडवे आणि अस्पर्श होते. मग प्रश्न असा, की एक अख्खा पट्ट दुसऱ्याखाली घुसत असेल तर वरचा मऊ गाळ चुरगळला कसा नाही? आमच्या मते हा आक्षेप त्या काळातील सर्वांत प्रामाणिक आक्षेपांपैकी एक होता. ध्वनिलहरी समुद्रतळाच्या आत पाठवून परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून थरांची चित्रे काढण्याचे तंत्र सुधारले, तेव्हा उत्तर मिळाले. गाळ गर्तेच्या तळाशी शांतच असतो; त्याची मोडतोड जमिनीकडील उताराच्या पायथ्याशी, एका ठरावीक रेषेवर, सुरू होते. १९७६ मध्ये व्हाइट आणि क्लिटगोर्ड यांनी ओमानच्या आखातातील गाळाच्या विरूपणावर जो निबंध लिहिला, त्यात हेच मकरानच्या संदर्भात स्पष्ट झाले. सपाट थर अचानक वर उचलले जातात, पहिली वली उभी राहते, मग तिच्यामागे दुसरी, तिसरी. जुनी वली मागे आणि वर ढकलली जाते, नवी पुढे जन्मते.

१९८३ मध्ये डेव्हिस, सुप्पे आणि डालेन यांनी या पाचरीचे गणित मांडले. बुलडोझरच्या पात्यापुढे मातीचा ढीग साचतो, एका विशिष्ट उतारापर्यंत चढतो आणि मग जसाच्या तसा पुढे सरकतो. समुद्रतळावर हेच घडते. उतार किती असावा हे तळाच्या घर्षणावर आणि गाळात कोंडलेल्या पाण्याच्या दाबावर ठरते. दाबलेला गाळ पाणी आणि वायू सोडतो. वाट मिळेल तेथून ते चिखलासह वर येतात. हिंगलाज मातेच्या यात्रेकरूंना हे ठाऊक आहे: वाटेवरील चंद्रगुप नावाच्या चिखलाच्या ज्वालामुखीला नारळ वाहून मग पुढे जाण्याची रीत आहे. (आपल्या गडहिंग्लजचे नाव याच देवीशी जोडले जाते.) २४ सप्टेंबर २०१३ च्या भूकंपानंतर ग्वादरसमोर समुद्रातून एक बेटच वर आले आणि काही वर्षांत लाटांनी ते खाऊन टाकले. १९४५ मध्येही अशी बेटे उगवून बुडाली होती.

आता चुकीचा भाग. दीर्घकाळ अशी समजूत होती, की जाड, मऊ, पाणथळ गाळ पट्टांमधील ताण साचू देत नाही; तो निसटतो, म्हणून तेथे अतिप्रचंड भूकंप संभवत नाहीत. २००४ मध्ये सुमात्रापुढे जाड गाळाखालीच महाभूकंप झाला. २०११ मध्ये जपानच्या तोहोकू किनाऱ्यापुढे समुद्रतळ सुमारे ५० मीटर सरकला, तोही थेट गर्तेपर्यंत, जेथील मऊ भाग निरुपद्रवी मानला गेला होता. २०१२ मध्ये ‘चिक्यू’ या जहाजाने तेथे छिद्र पाडले तेव्हा ५ मीटरहूनही कमी जाडीचा निसरडा चिकणमातीचा पट्टा सापडला. सुमात्रापुढे २०१६ मध्ये झालेल्या छिद्रणातून उलटेच दिसले: खोल गाडला गेलेला गाळ आपले पाणी पट्टाखाली जाण्यापूर्वीच गमावून घट्ट होऊ शकतो. म्हणजे कोठे माती निसरडी असण्यामुळे, तर कोठे ती कठीण झाल्यामुळे धोका वाढला. मकरानच्या जाड गाळाकडे अभ्यासक आज पूर्वीइतक्या निश्चिंतपणे पाहत नाहीत. त्याच्या पश्चिम भागात अलीकडच्या शतकांत मोठ्या भूकंपाची निर्विवाद नोंद नाही, आणि ही शांतता कशी वाचावी यावर मतभेद आहेत.

१९४५ च्या नोंदी वाचणे हे तर आपल्याच व्यवसायातले काम आहे. बळींची संख्या ४००० हा आकडा एका ग्रंथातून दुसऱ्यात उतरत आला. समकालीन वृत्तांत पाहिले तर तो ३०० च्या आसपास थांबतो. पसनी येथील साक्षी आणखी विलक्षण आहेत. भूकंपानंतर पहिली लाट आली ती तुलनेने सौम्य. गाव उद्ध्वस्त करणारी लाट कित्येक तासांनी, सकाळी सातनंतर आली. एवढा विलंब पट्टांच्या सरकण्याने समजावणे अवघड जाते. भूकंपाने हादरलेला उतारावरचा गाळ मागाहून घसरला असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. समुद्रतळावरील तारायंत्राची केबल तुटली होती, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

२०१५ मध्ये युनेस्कोच्या सागरशास्त्र आयोगाने त्या पहाटेच्या वृद्ध साक्षीदारांच्या मुलाखती पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. पहिल्या लाटेनंतर परतलेली माणसे कोण, आणि टेकडीवरच थांबलेली कोण, हे अशाच साक्षींतून कळू शकते. मुंबईत ती सकाळ पाहिलेली माणसे आज ऐंशीच्या पलीकडे आहेत. वर्सोवा, माहीम, दांड्याच्या कोळीवाड्यांत त्यांच्याशी बोलण्याचे काम आमच्या विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत हाती घेतले आहे.