घरट्यावरून सावरीवर

माघ सरत आला, मडक्यात शेंगा भाजायचा, म्हणजे पोपटीचा, हंगाम आवरला, की चिरनेरच्या मागच्या उतारांवर काटेसावरी फुलतात. झाडावर पान एक नाही, नुसती लालभडक फुलं. रविवारी उजाडता उजाडता अशा एखाद्या सावरीसमोर तीन-चार माणसं माना वर करून उभी असतात. गळ्यात दुर्बीण, पुढ्यात तिपाई, तिच्यावर हातभर लांबीची लेन्स. उरण-पनवेलच्या या पट्ट्यात तिपाई दिसली की जमिनीची मोजणी आली, असा जुन्या माणसांचा अनुभव. त्यामुळे सुरुवातीला या मंडळींकडे संशयानंच पाहिलं जाई. आता कुणी वळूनही बघत नाही. पाखरांचे फोटोवाले आलेत, एवढं म्हणून माणूस आपल्या कामाला लागतो.

ही मंडळी गाडीनं मुंबईहून आली हे उघड आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झाल्यापासून तर शिवडीहून इकडे यायला पहाटे तीनला उठायचीही गरज उरली नाही. पण हा छंद कुठल्या घराण्यातला, याचा माग काढू लागलं की गोष्ट बरीच मागे जाते, आणि मूळपुरुषाच्या हातात कॅमेरा नसून बंदूक दिसते.

मुंबईत फोटोग्राफी आली ती फार लवकर. १८५४ मध्ये इथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गही निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. तरी त्या पिढीच्या कामात पक्षी शोधायला जाऊ नये. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथे अंधाऱ्या तंबूत शिरून काच धुवायची, अशी ती रीत होती. देवळं, लेणी, खुर्चीत ताठ बसलेले शेठजी यांना ती मानवली. बुलबुल काही त्यासाठी थांबणार नव्हता.

पक्षी ओळखायचा तर तो पाडायचा, हीच तेव्हाची विद्या. छर्रा घालायचा, कातडं सोलायचं, आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. १८८३ मध्ये आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढली ती आपापले नमुने दाखवायला आणि टिपणं ताडून पाहायला. त्यांच्यातले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, ‘ईएचए’ या सहीनं लिहिणारे, मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात होते. त्या नोकरीत त्यांची नेमणूक काही काळ उरणलाही होती. मिठागरांवर देखरेख करता करता या गृहस्थांनी पाखरं, बेडूक, किडे यांच्यावर इतकं खुसखुशीत लिहिलं की आजही वाचताना हसू येतं. मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक १९०० चं. उरणच्या बाजूनं पाखरांकडे नुसतं बघत बसण्याची परंपरा सांगायची झाली, तर मी पहिलं नाव त्यांचं घेईन.

बंदुकीचं आणि कॅमेऱ्याचं नातं एका फ्रेंच माणसानं शब्दशः जुळवून दाखवलं. एतियेन-झ्यूल मारे हा शरीरशास्त्रज्ञ. पक्षी उडतो म्हणजे नेमकं काय करतो, हे त्याला समजून घ्यायचं होतं. १८८२ मध्ये त्यानं दस्ता, नळी, घोडा असलेली एक बंदूक बनवली. घोडा ओढला की आतली चकती फिरायची आणि सेकंदाला बारा फोटो निघायचे. ती खांद्याला लावून त्यानं उडते पक्षी टिपले. आज सावरीखाली कॅमेरा ‘बर्स्ट’वर टाकून खडखडाट करणारा हौशी माणूस थेट याच वंशातला.

मारेला हवा होता हालचालीचा आलेख. फांदीवर बसलेलं, डोळ्यात चमक असलेलं, ओळख पटावी असं पाखरू आलं ते इंग्लंडातल्या कीर्टन बंधूंकडून. १० एप्रिल १८९२ रोजी रिचर्ड आणि चेरी कीर्टन यांनी लंडनजवळ एका थ्रशच्या घरट्याचा, आत अंडी असलेला, फोटो काढला. तीन वर्षांनी पक्ष्यांच्या घरट्यांवरचं त्यांचं पुस्तक निघालं; त्यातली चित्रं फोटोंचीच होती. पाखरांना चाहूल लागू नये म्हणून पुढे त्यांनी बैलाचं कातडं चढवलेला एक पोकळ बैल करून घेतला. माणूस आणि कॅमेरा दोघंही त्याच्या पोटात! एकदा तो आतल्या माणसासकट उलटा झाला आणि चारी पाय आभाळाकडे. या छंदाचं हसं तेव्हापासून होत आलं आहे, आणि ते सोसायची तयारी असलेली माणसंच त्यात टिकतात.

आता जरा थांबून पाहू, पहिला फोटो घरट्याचाच का, आणि तोही एप्रिलमधलाच का? वसंताचं कौतुक हे उत्तर नव्हे. कॅमेरा पेटीएवढा, लेन्स जवळचंच पाहणारी, काच मंद. पक्षी कुठे बसेल ते आधी ठाऊक असल्याशिवाय फोकस करणं अशक्य. आणि रानात पाखरू ठरल्या जागी, ठरल्या फांदीवरून, दिवसातून पन्नास वेळा हमखास येतं अशी जागा एकच: त्याचं घरटं. तिथे आडोसा उभारायचा, कॅमेरा लावून ठेवायचा आणि तोंडात अळी धरून आई येण्याची वाट पाहायची. युरोपात घरटी वसंतात होतात, म्हणून पक्ष्यांची फोटोग्राफी ही वसंतातली गोष्ट झाली. हातातल्या यंत्राची मर्यादा होती ती. पुढे तिलाच लोक हौस समजू लागले.

हिंदुस्थानात हीच रीत आली, फक्त हंगाम लांबला. आर. एस. पी. बेट्स आणि रेल्वेतले ई. एच. एन. लोथर यांनी अशीच घरट्यांवर बसून चित्रं जमवली. लोथरचं आपल्या छंदावरचं पुस्तक १९४९ मध्ये आलं. काश्मीरच्या पक्ष्यांवरचं दोघांचं मिळून १९५२ मध्ये, आणि तेही विणीच्या पक्ष्यांवरचंच. मात्र आपल्या कोकणात घरट्याचा हंगाम काही फाल्गुन-चैत्रात संपत नाही. सुगरण घरटी विणते ती पावसात. १९३० च्या पावसाळ्यात सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला मुक्कामाला होते. जर्मनीहून शिकून आले तो मुंबईच्या संग्रहालयातली जागा रद्द झालेली, हाती काम नाही. घराजवळच सुगरणींची वसाहत. आडोशात बसून त्यांनी पाहिलं की नर घरटं अर्धं विणून ठेवतो, माद्या येऊन पाहणी करतात, एखादीला पसंत पडलं तरच तो ते पुरं करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतो. पुढच्या वर्षी हे छापून आलं आणि नोकरी नसलेला हा माणूस पक्षिशास्त्रात नावाजला गेला.

तोच पावसाळा ओसरता ओसरता, २५ सप्टेंबर १९३० ला, त्याच कुलाबा जिल्ह्यात चिरनेरला अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला. सरकारी रानात कोयता चालवण्याचा आपला हक्क सांगायला आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी शेकड्यांनी जमले. गोळीबार झाला, आठ जण हुतात्मे झाले. गावातलं स्मारक त्यांचं. एकाच मोसमात, एकाच जिल्ह्यात, एक माणूस रानाकडे निवांत बघत होता आणि बाकीचे त्या रानात पाऊल टाकता यावं म्हणून मरत होते. यातून कुणाला छोटं ठरवायचं कारण नाही. पण चिरनेरला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यानं स्मारकापाशी पाच मिनिटं थांबावं, असं मला वाटतं.

पुन्हा कॅमेऱ्याकडे वळायचं, तर लोक वान थो हे नाव मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसतं. मलायातले हे चित्रपटधंद्यातले धनाढ्य गृहस्थ. १९४२ मध्ये सिंगापूर पडत असताना निघाले ते शेवटी हिंदुस्थानात पोहोचले, इथे सालिम अलींशी मैत्री जमली आणि दोघं मिळून पाखरांच्या मागे हिंडले. त्यांचे फोटो आजही पाहावेत असे आहेत. पण त्यामागे पैसाही होता, आणि हौशी माणसाची खरी अडचण नेमकी तीच होती.

स्वातंत्र्यानंतर मध्यमवर्गीय मराठी घरात कॅमेरा आला तो आग्फाचा क्लिक थ्री. बारसं, सहल, गणपती एवढं त्याला पुरे. समोरच्या पळसावरचा पोपट त्यात शाईच्या ठिपक्याएवढा यायचा. म्हणून ज्याला रानाची ओढ होती त्यानं पाखरू सोडलं आणि देखावा धरला. फुललेला पळस, धुक्यातून वर आलेला कर्नाळ्याचा सुळका, भाताच्या खाचरात उभं एकटं झाड. या छंदाच्या घराण्याची ही दुसरी पाती. पहिलीत लेन्स परवडणारे, दुसरीत न परवडणारे. देखाव्याच्या फोटोंना नाक मुरडणारे लोक ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

१९६८ मध्ये कर्नाळ्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. चिरनेरच्या डोंगरांच्या पूर्वेला, मुंबई-गोवा रस्त्याला लागून, आज एकूण १२.११ चौरस किलोमीटरचं ते रान आहे. शाळांच्या सहली येऊ लागल्या, मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम पक्षी बघायला म्हणून मान वर केली. पण फोटो? फिल्मचा रोल छत्तीस फोटोंचा, परदेशी लेन्सवर जकात जबर, आणि आठ दिवसांनी स्टुडिओतून पाकीट यायचं तेव्हा कळायचं की फांदी स्पष्ट आली आहे आणि पाखरू उडून गेलेलं आहे.

हे सगळं पालटलं ते अवघ्या दहा-बारा वर्षांत. २००३ मध्ये कॅननचा ३००डी आला आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा प्रथमच हौशी माणसाच्या आवाक्यात आला. २०१५ मध्ये निकॉनच्या पी९०० नं तर वेगळी लेन्स घेण्याचीच गरज उरू दिली नाही. ८३ पट जवळ आणणारी झूम त्याच्या अंगातच होती. रोल संपायची भीती गेली, फोकस यंत्र स्वतः करू लागलं. आणि घरट्यापाशी दडून बसायची सव्वाशे वर्षांची सक्ती संपली. पाखरू कुठेही बसो, टिपता येऊ लागलं. मग त्याची वाट कुठे पाहायची? जिथे ते खायला येतं तिथे.

इथे सावरीची पाळी येते. निष्पर्ण झाडावर पाखराला दडायला जागा नाही, उजेड आरपार. फूल जाडसर, मांसल, पाच पाकळ्यांचं, पेल्यासारखं. तळाशी मध, मध्ये पुंकेसरांचे झुबके. पहाटे आधी कावळे येतात, मग मैना आणि बुलबुल. राखी डोक्याच्या मैनांचं टोळकं उतरतं ते भांडतच. हरेवा येतो, कोतवाल येतो, हळद्या येतो, खारी तर मुक्कामालाच असतात. पळस फुलला की भोरड्या. त्यांना पळसमैना म्हणतात ते उगीच नाही. एप्रिल सरेपर्यंत त्या मध्य आशियाच्या वाटेला लागतात. कपाळाला पिवळा पराग माखलेली मैना मान वर काढते, तेवढ्या एका क्षणासाठी ही माणसं तासभर उभी असतात.

नवख्याची परीक्षा घेतो तो शिंजीर, म्हणजे जांभळा सूर्यपक्षी. ऐन विणीच्या रंगातला नर झळाळता जांभळा-निळा असतो. फोटोत येतो कोळसा. मागचं आभाळ उजळ असल्यामुळे कॅमेरा सगळंच गडद करतो. म्हणून उजेड एक-दीड पायरी वाढवायचा, आभाळ पांढरं पडलं तर पडू द्यायचं. तेवढ्यानंही भागत नाही. ती झळाळी पिसांच्या घडणीतून येते, सूर्य पाठीशी आणि पाखराची मान नेमक्या कोनात असेल तरच दिसते. मान वळली की पुन्हा काळा. दोनशे फोटोंत एक जमतो, तो रात्री फोनवरून नातेवाइकांकडे जातो, आणि “छान, कुठला पोपट?” असं उत्तर येतं.

झाडाची मात्र खात्री नाही. आपल्याकडे बऱ्याच गावांत होळीला सावर तोडून उभी करतात. चाल जुनी आहे, आणि फाल्गुनी पौर्णिमा नेमकी फुलांच्या दिवसांत येते. शिमग्याआधीचं ठिकाण शिमग्यानंतर असेलच असं नाही. पाखरांसाठी येणाऱ्यांनी यावर गावाला उपदेश करू नये. या रानावरचा हक्क गावानं रक्त सांडून मागितला आहे. आसपास उठणारे कंटेनर यार्ड आणि रुंद होणारे रस्ते यांनी सावरी किती खाल्ल्या, हा हिशेब आधी करावा.

घरट्यावरचा फोटो, ज्यातून हे घराणं सुरू झालं, तो आता घराण्यातच वर्ज्य ठरत चालला आहे. बऱ्याच स्पर्धा तो घेत नाहीत, जाणते लोक तो दाखवत नाहीत. माणसांच्या गर्दीनं आई पिलांवर येत नाही, आणि फोटोसाठी घरट्याभोवतीची पानं दूर केली की कावळ्याला वाट सापडते. तरी पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्याची बिळं शोधत हिंडणारे आहेतच. लेन्स नवी असली तरी खोड जुनीच. पाखराच्या आवाजाची ध्वनिफीत लावून त्याला समोर बोलावणं हा त्यातलाच धाकटा प्रकार.

उलट एक चांगलं झालं. फोटो नुसता भिंतीवर न लावता ठिकाण आणि तारखेसह नोंदीत घालायची सवय लागली. दर फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीगणना होते, तिच्यात हौशी माणसांची टिपणं अभ्यासकांच्या कामी येतात. अंधुक फोटोही ओळखीला पुरतो. गावातल्या पोरांना हे उत्तम जमेल. पाखरू कुठल्या झाडावर कधी येतं ते त्यांना कुणी शिकवायला नको. राज्य सरकारनं २०२० पासून पक्षी सप्ताह सुरू केला आहे, ५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला. पण सावर फुलते फेब्रुवारीत, आणि तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा असतात.