गोळी बनते कशी? बॅच आणि कंटिन्युअस वेट ग्रॅन्युलेशनमधला फरक

औषधाची पट्टी हातात घ्या. त्यावर बॅच नंबर दिसेल. 1 ऑगस्ट 2023 पासून भारतातल्या 300 ठरावीक ब्रँडवर क्यूआर कोड किंवा बारकोडही सक्तीचा आहे. मोबाईलने स्कॅन केलं की बॅच नंबर, कंपनी, एक्सपायरी सगळं दिसतं. पण ही ‘बॅच’ म्हणजे नक्की काय?

आधी ओली पावडर कशाला?

पॅरासिटामॉलसारखी पावडर नुसती दाबली तर गोळीचा वरचा पापुद्रा सुटतो. बारीक पावडर साच्यात नीट वाहतही नाही, त्यामुळे गोळ्यांचं वजन कमीजास्त होतं, म्हणजे डोसही. म्हणून पावडरीत पाणी आणि स्टार्च किंवा पीव्हीपीसारखा चिकटवणारा पदार्थ घालून रव्यासारखे दाणे करतात. हेच वेट ग्रॅन्युलेशन.

बॅच पद्धत: गुऱ्हाळाचं आधण

दौंड तालुक्यातलं गुऱ्हाळ पाहिलंय? काहिलीत रस भरायचा, आटवायचा, गूळ उतरवायचा, मग पुढचं आधण. बॅच पद्धत तशीच. आरएमजी या मोठ्या मिक्सरमध्ये माल ओला करून मळतात, एफबीडी या ड्रायरमध्ये गरम हवेने वाळवतात, मग चाळतात. प्रत्येक टप्प्यावर थांबून तपासणी होते. पण पाणी जास्त पडलं तर अख्खा माल धोक्यात. समजा, 300 किलो दाणे आहेत आणि गोळी 600 मिलिग्रॅमची आहे, तर 5 लाख गोळ्या अडकल्या!

कंटिन्युअस पद्धत: कारखान्याची गव्हाण

साखर कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडतच राहतो. इथेही एका टोकाने पावडर आत जाते, दोन फिरते स्क्रू काही सेकंदांत तिचे ओले दाणे करतात आणि पुढे वाळवणी सुरूच असते. सेन्सर सतत लक्ष ठेवतात. बिघाड दिसला की तेवढाच माल बाजूला काढता येतो. जास्त उत्पादन हवं? मोठं मशीन नको, जास्त तास चालवा. ताशी 25 किलोने 12 तासांत 300 किलो.

मग इथे बॅच कुठली? ती माल किती किंवा मशीन किती वेळ चाललं यावरून आधीच ठरवतात. त्यासाठी आयसीएच क्यू 13 ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं नोव्हेंबर 2022 मध्ये आली.

मग सगळे बदलत का नाहीत?

अमेरिकेच्या एफडीएने 2016 मध्ये प्रेझिस्टा या एचआयव्हीवरच्या औषधाला बॅचवरून कंटिन्युअस उत्पादनाकडे जायला पहिल्यांदा मंजुरी दिली. पण मशीन, सेन्सर महाग. सुरुवातीला, लाइन स्थिर होईपर्यंत माल वाया जातो. एकाच कारखान्यात बरीच औषधं थोडी-थोडी बनत असतील तर बॅचच सोयीची. एकच गोळी कोट्यवधींनी काढायची असेल तर कंटिन्युअस परवडते.

कुरकुंभ एमआयडीसीत नोकरी शोधताय? मग आरएमजी, एफबीडी शिकाच, पण सेन्सरचा डेटा वाचायलाही शिका. पद्धत कुठलीही असो, प्रत्येक गोळीत डोस सारखाच हवा.