हिंगोलीच्या पत्त्यातले शब्द

हिंगोली शहरात पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे आजही पत्त्यात लिहिली जातात. निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी इथे होती. ती केव्हाच उठली, पण तिचे शब्द राहिले. रिसाला अरबी-फारसीतून आला, तोफ तुर्कीतून, पेन्शन इंग्रजीतून. हे शब्द कोणी यादी करून पाठ केले नसणार. छावणीशी देवघेव करणाऱ्याला ते लागत होते, म्हणून ते जिभेवर बसले. जपानी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची नेहमीची अडचण असते की शंभर शब्द घोकले तर आठवड्याने दहाच उरतात. त्याचे उत्तर मला या गावाच्या इतिहासात दिसते. परका शब्द टिकतो तो कामाच्या सोबतीने, आणि एकटा न राहता आपल्या गणगोतासह.

शब्द कामासोबत राहतात हे ठगांच्या बोलीतही दिसते. याच छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. तो ठगांचा म्होरक्या निघाला, असे निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी मेडोज टेलर याने १८३९ च्या आपल्या ठगविषयक कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहिले आहे; छावणीतल्या इतरांप्रमाणे टेलरचा स्वतःचाही या माणसाशी व्यवहार होता. त्याआधी १८३६ मध्ये ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याने ‘रामसियाना’ हा ठगांच्या बोलीचा कोश छापला. स्लीमनने रंगवलेले ठगांचे चित्र कितपत खरे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. तरी त्या शब्दसंग्रहाची घडण पाहण्यासारखी आहे. गळा आवळणारा, प्रवाशाला भुलवणारा, खड्डा खणणारा, प्रत्येकासाठी वेगळा शब्द. व्याकरण चारचौघांचेच, शब्द तेवढे धंद्याच्या वाटणीनुसार. कोशात ते वर्णानुक्रमाने मांडले गेले, कारण कोश शोधण्यासाठी असतो. बोलणाऱ्याच्या डोक्यात मात्र ते कामाच्या क्रमानेच असणार.

यावर कोणी म्हणेल की आपल्याकडे पाठांतराचीच परंपरा होती आणि ती यशस्वीही झाली. हे खरे आहे. पाठशाळेत अमरकोश म्हणून घेत, मकतबात ‘खालिकबारी’ हा फारसी-हिंदवी पद्यकोश. पण अमरकोशात स्वर्ग, भूमी, वनौषधी असे वर्ग आहेत, आणि सगळे छंदात आहे. जपानातही हेच झाले. एदो काळातल्या तेराकोया शाळांत मुले ‘ओराइमोनो’ या पुस्तकांतून शिकत. त्यांत पत्रांचे नमुने असत. व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी मालाच्या नावांचे वेगळे पुस्तक असे. जपानी वर्णमालेचा आ-का-सा-ता-ना हा क्रमसुद्धा भारतीय वर्णक्रमाच्या अभ्यासातून आलेला आहे; मराठी माणसाला तो जवळचा वाटतो तो त्यामुळेच. म्हणजे दोन्हीकडच्या जुन्या शिक्षकांनी याद्या दिल्या, पण लय आणि विषयाची वर्गवारी लावून दिल्या.

एवढ्यानेही भागत नाही, याचा पुरावा राज्यव्यवहारकोश देतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून झालेल्या या कोशात सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत, तेही दहा वर्गांत आणि श्लोकांत. रचना याहून चांगली काय असणार? तरी बहुतेक पर्याय रुजले नाहीत. सचिव, मंत्री, अमात्य टिकले, कारण त्या नावांची पदे होती आणि त्या पदांवर माणसे काम करत होती. बाकी कचेरीत फारसी शब्दच चालू राहिले. निजामाच्या अमलाखालच्या मराठवाड्यात तर १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १९४८ पर्यंत सरकारी व्यवहार तिच्यातच चालला. म्हणून जुन्या जमिनीच्या वादात इथला शेतकरी आजही ‘खासरा’ आणि ‘मुंतखब’ हे जमिनीच्या कागदांचे शब्द अचूक वापरतो. उर्दू वाचता येणे त्यासाठी गरजेचे नाही, जमीन असणे गरजेचे आहे.

आक्षेप असा उरतो की हिंगोलीत बसून जपानीचे काम कुठून आणायचे? छावणी तर इथे नाही. पण आपल्या पूर्वजांनी फारसीचे आणखी एक साधन हाती घेतले होते. सुभेदार, हवालदार, जमीनदार ऐकता ऐकता त्यांनी ‘दार’ हा तुकडा ओळखला आणि तो मराठी शब्दांना लावून चवदार, टोकदार, पाणीदार घडवले. परकी भाषा मुरल्याची याहून मोठी खूण नाही. जपानीत ‘या’ हा असाच दुकानाचा तुकडा आहे: होन म्हणजे पुस्तक, होन-या पुस्तकांचे दुकान, साकाना म्हणजे मासा, साकाना-या मासळीचे, पान-या पावाचे. (हा पान आणि आपला पाव, दोन्ही पोर्तुगीजांकडूनच आलेले.) ‘देन’ म्हणजे वीज कळले की देन्शा ही विजेवरची रेल्वेगाडी, देन्वा हा दूरध्वनी, देन्की हा विजेचा दिवा एकाच घरातले वाटू लागतात. कांजी ही जपानी लिपीतली चिन्हे मात्र गिरवावीच लागतात. तिथे पाठांतराला पर्याय नाही, आणि तसा तो आहे असे कोणी सांगितले तर मानू नये.

तेव्हा जपानी शिकणाऱ्याने वर्णानुक्रमाची वही बाजूला ठेवावी. नव्या वहीला तीन वर्ग पाडावेत: स्वयंपाकघर, बाजार, कचेरी. रोज भाजी आणताना बाजाराच्या पानावरचे शब्द मोठ्याने म्हणावेत, आणि घरी आल्यावर त्याच शब्दांनी जपानीत दोन ओळींचे पत्र लिहावे.